टॉवेलातलं पाणी जातं कुठे

लहान बाथरूममध्ये टॉवेल वाळत नाही, याचा दोष बहुतेक वेळा उन्हाला दिला जातो. खिडकी एवढीशी, तीही आतल्या बाजूच्या डक्टात उघडणारी. ऊन येणार कुठून आणि टॉवेल वाळणार कसा? पण कापड रात्री वाळतं, सावलीतही वाळतं. उलट ओला रुमाल काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावलं आणि बरणी दिवसभर उन्हात ठेवली, तर संध्याकाळी रुमाल गरम असेल, पण ओलाच असेल. कापडातून सुटलेल्या पाण्याला पुढे जायला वाट लागते. ती नसली तर ऊन असून उपयोग नाही. दार लावलेलं छोटं बाथरूम म्हणजे तशीच एक मोठी बरणी.

ती किती मोठी, ते एकदा मोजून बघावं. १.२ मीटर रुंद, २ मीटर लांब आणि २.४ मीटर उंच अशा बाथरूममध्ये पावणेसहा घनमीटर हवा असते. हवेत किती वाफ मावते हे तापमानावर ठरतं: एका घनमीटरमध्ये २० अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास, २५ अंशांना २३ ग्रॅम, ३० अंशांना ३० ग्रॅम. आता २५ अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची हवा धरली, तर तिच्यात १०० टक्के होईपर्यंत घनमीटरमागे ७ ग्रॅमच जागा शिल्लक आहे. अख्ख्या खोलीत मिळून ४० ग्रॅम. म्हणजे तीन मोठे चमचेसुद्धा नाहीत. अंघोळीनंतर अंग पुसलेल्या टॉवेलात १०० ते १५० ग्रॅम पाणी सहज असतं, आणि हाताने धुऊन पिळलेल्या मोठ्या टॉवेलात अर्धा किलोपर्यंत. टॉवेलाने कितीही मनावर घेतलं तरी त्या खोलीत त्याचं पाणी मावणारच नाही. हवा बदलल्याशिवाय इलाज नाही.

इथे आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. त्या ४० ग्रॅमांवर हक्क सांगणारा टॉवेल एकटा नसतो. शॉवरखाली अंघोळ झाल्यावर भिंतींचा पाच-सहा चौरस मीटर भाग ओला होतो. मोठे थेंब ओघळून गेल्यावर सरासरी ०.०५ मिलिमीटरचा थर जरी राहिला, तरी सहा चौरस मीटरवर ते ३०० मिली पाणी होतं. फरशीचा उतार चुकलेला असेल तर कोपऱ्यात साचणारं पाणी वेगळं. शॉवरचा पडदा असेल तर त्याच्या चुण्यांमधलं आणखी वेगळं. म्हणजे टॉवेलातल्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी भिंती आणि फरशी त्याच हवेत सोडू पाहत असतात, आणि तेही आधी, कारण गरम पाण्याने भिंत कोमट झालेली असते. टॉवेल वाळवण्याची सुरुवात म्हणूनच टॉवेलापासून होत नाही, वायपरपासून होते. रबराची सरळ पट्टी असलेला ३० सेंटिमीटरचा हातवायपर शॉवरशेजारीच लटकवावा, वरून खाली पट्टे ओढावेत आणि शेवटी फरशीवरचं पाणी जाळीकडे ढकलावं. मिनिटभराचं काम. जे पाणी नाल्यातून द्रवरूपात जाऊ शकतं ते हवेतून वाफेच्या रूपात पाठवण्यात अर्थ नाही. पडदा असेल तर तो गोळा करून न ठेवता पूर्ण पसरवून ठेवायचा.

हेच तत्त्व अंगालाही लागू आहे. टॉवेल हातात घेण्याआधी तळहातांनी हातापायांवरचं पाणी खाली निपटून टाकलं, केस पिळून घेतले, की टॉवेलात जाणारं पाणी बऱ्यापैकी कमी होतं. लांब केसांसाठी वेगळा, पातळ, छोटा टॉवेल ठेवावा. केसांत पाणी भरपूर धरून राहतं आणि तेच मोठ्या टॉवेलाचं मधलं अंग चिंब करतं.

आता हवा. एक्झॉस्ट फॅनच्या खोक्यावर घनमीटर प्रतितास असा जो आकडा असतो, तो मोकळ्या हवेतला, समोर काहीही अडथळा नसतानाचा. भिंतीत बसवल्यावर पुढे झडपा येतात, जाळी येते, कधी दोन वळणं घेतलेला लवचिक पाइप येतो. प्रत्यक्षात निम्मी हवा निघाली तरी ठीक म्हणायचं. समजा ताशी ६० घनमीटर हवा खरोखर बाहेर जाते. आत येणारी हवा २५ अंश, ७० टक्के. बाहेर जाताना ती ८५ टक्क्यांना पोचलेली. म्हणजे प्रत्येक घनमीटर साडेतीन ग्रॅम पाणी उचलून नेतो. १५० ग्रॅम पाणी असलेल्या एका टॉवेलाला ४३ घनमीटर हवा लागली, पाऊण तास. पण चार माणसांचे चार टॉवेल असतील तर ६०० ग्रॅम, आणि तीन तास. शिवाय न पुसलेल्या भिंती असतील तर दीड तास आणखी. हा हिशेब फक्त हवेचा झाला. कापड स्वतः पाणी किती सावकाश सोडतं ते यात आलंच नाही. अंघोळ संपल्यावर पाच मिनिटांनी फॅन बंद करणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. छोटा फॅन साधारण २० ते ४० वॅटचा असतो. दोन-तीन तास चालला तरी विजेचं एक युनिट सहसा दहा-बारा दिवसांनी पुरं होईल.

फॅन फिरतोय म्हणजे हवा जातेय, असं मात्र नाही. जेवढी बाहेर जाईल तेवढी आत यावी लागते, आणि नेमकी तीच वाट बंद असते. दाराखालची फट दोन सेंटिमीटर असेल आणि दार ७५ सेंटिमीटर रुंद असेल, तर हवेला १५० चौरस सेंटिमीटरची वाट मिळते. पाणी बाहेर येऊ नये म्हणून उंबरठा उंच केलेला असतो, वर दाराला रबरी पट्टी मारलेली असते. मग फॅन नुसता घुमतो. टिश्यूपेपरचा तुकडा फॅनच्या जाळीवर धरून बघा. दार लावलेलं असताना तो चिकटून राहत नाही आणि दार चार बोटं उघडताच चिकटतो, तर दोष फॅनमध्ये नाही, दारात आहे. दाराच्या खालच्या भागात जाळीची पट्टी बसवणं किंवा अंघोळीनंतर दार किलकिलं ठेवणं, एवढाच त्यावर उपाय. दोन्ही वेळा कागद गळून पडत असेल तर फॅनच्या पात्यांवर चिकटलेली धूळ आणि बाहेरच्या झडपा तपासायच्या. कपड्यांचे तंतू, धूळ आणि दमटपणा मिळून त्या झडपा अशा चिकटतात की वाऱ्याच्या जोराने उघडतच नाहीत. मेन स्विच बंद करून ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने वर्षातून दोन-तीनदा त्या साफ कराव्यात.

दुसरी गफलत खिडकीची. फॅन लागलाय, शेजारची खिडकीही उघडी आहे, दोन्हींकडून हवा खेळणार असं वाटतं. होतं उलटं. फॅन आपली हवा सगळ्यात जवळच्या वाटेने ओढतो. खिडकी त्याच्या शेजारीच असेल तर तिथून आलेली हवा तिथूनच बाहेर जाते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला टांगलेल्या टॉवेलापर्यंत काही पोचत नाही. फॅन चालू असताना खिडकी बंद ठेवावी. हवा दाराकडून यावी, टॉवेलावरून जावी आणि फॅनमधून निघावी. फॅन बंद केला की खिडकी उघडावी. फॅन दाराच्या वरच असेल, आणि काही घरांत तो तिथेच असतो, तर हिशेब बरोबर उलटा: दार लावायचं आणि समोरची खिडकी उघडायची.

यातून दांडी कुठे लावायची हा प्रश्नही सुटतो. सोयीची जागा दाराच्या मागे किंवा शॉवरच्या समोरच्या भिंतीला असते, हवेची जागा दार आणि फॅन यांना जोडणाऱ्या रेषेवर. शक्य तितकं दुसऱ्या जागेकडे झुकावं. दांडी भिंतीपासून निदान ८ सेंटिमीटर पुढे हवी, नाहीतर टॉवेलाची मागची बाजू टाइलला टेकून ओलीच राहते. दारामागच्या हुकांची अडचण तीच: टॉवेल दाराला चिकटतो, तो वाळत नाही आणि दाराचं प्लायवूड ओल धरून फुगतं.

आणि टांगण्याची पद्धत. ७० बाय १४० सेंटिमीटरच्या टॉवेलाच्या दोन्ही बाजू मिळून दोन चौरस मीटर पृष्ठभाग होतो. तो एका बारीक दांडीवर मधोमध टाकला की दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात आणि हवा लागते ती फक्त बाहेरच्या बाजूंना, एक चौरस मीटरला. जाहिरातीतल्यासारखी चौपदरी सुबक घडी घातली तर अर्ध्या चौरस मीटरला. खुंटीवर एका टोकाने अडकवलेला टॉवेल तर आतल्या आत गुंडाळला जातो. त्यातही खुंटीजवळचा गोळा आणि खालचं निथळणारं टोक या दोन जागा शेवटपर्यंत ओल्या. टॉवेल एकच, पाणी तेवढंच, पण पृष्ठभाग चौपट कमी. मधला मार्ग सोपा आहे. एकमेकींपासून १५ सेंटिमीटर अंतरावरच्या दोन समांतर दांड्या घ्याव्यात आणि टॉवेल दोन्हींवरून टाकावा, म्हणजे पदरांमध्ये हवेचा बोगदा तयार होतो. दुहेरी दांडी नसेल तर जाड, गोल, रुंद खांद्याचा हँगर दांडीला अडकवून त्यावर टॉवेल टाकला तरी तेच साधतं. पदर समान ठेवू नयेत. एक १० सेंटिमीटरने खाली सोडला की दोन्हींचे जाड काठ एकावर एक येत नाहीत. तासाभराने टॉवेल थोडा सरकवावा, कारण दांडीवरची घडीची रेघ आपणहून वाळत नाही.

बाजारात मिळणारी दांडी बहुधा ६० सेंटिमीटरची आणि टॉवेल ७० चा, म्हणून तो कडेने दुमडावा लागतो आणि तिथे चार थर होतात. कुणाच्या डोक्यातून हे माप निघालं कोण जाणे. दांडी घेतानाच ७५ किंवा ९० ची घ्यावी. भाड्याच्या घरात भोकं पाडता येत नसतील तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये दाबून बसणारी स्प्रिंगची दांडी चालते, पण तिची भार पेलण्याची क्षमता ती जितकी लांब उघडाल तितकी कमी होते. पाकिटावरचा किलोंचा आकडा बहुतेकदा सगळ्यात आखूड लांबीचा असतो. धुतलेला ओला टॉवेल एक किलोच्या घरात जातो, हे लक्षात ठेवून लांबी ठरवावी. ही दांडी रात्री धाडकन खाली येण्याचं कारण सहसा साबणाचा अदृश्य थर असतो. टेकण्याच्या दोन्ही जागा आधी स्पिरिटने पुसाव्यात, रबरी टोपी टाइलच्या मध्यावर बसवावी, सांध्यावर नाही, आणि दांडी आडवी आहे ना ते पातळीमापक लावून बघावं. व्हॅक्यूमच्या हुकांवर टॉवेल टांगू नये. खरबरीत टाइल किंवा सांध्याची बारीकशी चीर पुरते, हवा आत शिरते आणि हुक सुटतो. चिकटपट्टीचे हुक बरे, पण चिकटवल्यावर त्यांना २४ तास कोरडं आणि रिकामं ठेवावं लागतं, आणि ते कुणी ठेवत नाही.

भोक पाडायचंच असेल तर टाइलवर आधी कागदी चिकटपट्टी लावावी, म्हणजे बिट घसरत नाही. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून, सावकाश, टाइलसाठीच्या बिटने टाइल पार करावी आणि मगच भिंतीसाठी हॅमर चालू करावा. नळ, शॉवर आणि गिझर यांच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल लावायचं नाही, कारण पाइप बहुधा त्याच रेषांत असतात. दांडी ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची असावी. क्रोमचा मुलामा दिलेल्या लोखंडी दांडीवर वर्षा-दोन वर्षांत स्क्रूजवळ गंज दिसतो, आणि टॉवेलावर पडलेला गंजाचा डाग साध्या साबणाने निघत नाही.

धुतलेल्या कपड्यांची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे पाणी कितीतरी जास्त असतं. पिळणं हे वाळवण्याचं सगळ्यात स्वस्त साधन आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला खोलीच्या तापमानाला सुमारे २,४५० किलोज्यूल, म्हणजे ०.६८ युनिट ऊर्जा लागते; तेच पाणी यंत्राने फिरवून काढायला तिचा अगदी लहानसा अंश पुरतो. हाताने पिळलेल्या सुती कापडात त्याच्या कोरड्या वजनाइतकं पाणी राहतं. मशीनमध्ये मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या वेगाने फिरवल्यावर ते ७० टक्क्यांच्या आसपास येतं, १,२०० फेऱ्यांच्या वेगाने ५५ टक्क्यांच्या आसपास. ५०० ग्रॅमच्या टॉवेलात हा फरक ५०० ग्रॅम, ३५० ग्रॅम आणि २७५ ग्रॅम असा पडतो. हाताने पिळताना टॉवेल नळाला अडकवून पीळ देण्याची सवय मात्र सोडावी. नळाचा सांधा सैल होतो आणि मग ठिबकणारा नळ चोवीस तास बाथरूम ओलं ठेवतो.

लहान कपडे असतील तर गुंडाळीची रीत फार उपयोगी. कोरडा जाड टॉवेल पसरायचा, त्यावर पिळलेले मोजे, अंतर्वस्त्रं, रुमाल एकमेकांवर न येतील असे मांडायचे, टॉवेलाची घट्ट वळकटी करायची आणि तिच्यावर गुडघ्याने किंवा पावलाने टोकापासून टोकापर्यंत दाब देत जायचं. अर्ध्या मिनिटात कपडे हाताला नुसते गार लागण्याइतके कोरडे होतात. ते पाणी टॉवेलात आलं हे उघड आहे, पण पाच ठिकाणी विखुरलेलं पाणी आता एका मोठ्या, सहज पसरता येणाऱ्या कापडात आहे. हे काम अंघोळीच्या टॉवेलाने, अंघोळीच्या आधी केलं तर जास्तीचा ओला टॉवेलही होत नाही. लोकरीच्या आणि नाजूक कपड्यांना तर पिळण्याऐवजी हेच करावं.

लहान कपड्यांसाठी चिमट्यांचा गोल किंवा चौकोनी हँगर घ्यावा, आणि चिमट्यांत निदान ५ सेंटिमीटर अंतर असलेलाच घ्यावा. जास्त चिमटे म्हणजे जास्त सोय, हा भ्रम आहे. २४ चिमट्यांवर २४ नग लावले की मधले सहा दुसऱ्या दिवशीही दमट. लांब कपडे कडेला आणि आखूड मध्ये लावावेत, म्हणजे खालून पाहिलं तर कमान दिसते. तिच्या खालून हवा आत शिरते. जाडपातळही आलटून पालटून लावावं. मोज्याचं तोंड दोन्ही कडा एकत्र धरून दाबलं की आतली हवा कोंडते. एकच कड चिमट्यात धरावी, तोंड उघडं राहील. रबर वर ठेवावं, म्हणजे खाली ओघळणारं पाणी त्यात साचत नाही. चड्डीचा कंबरपट्टा दोन चिमट्यांनी, उघडा धरून. ब्रा पट्ट्यांना धरून टांगू नये, ओल्या कपांच्या वजनाने पट्ट्या लांबतात. ती पाठीच्या पट्ट्याला किंवा दोन कपांच्या मधल्या जोडाला धरावी. रुमाल दुमडून नाही, दोन कोपऱ्यांना धरून. भिंतीतून ओढून काढायच्या दोरीवर हे सगळे कपडे मधल्या झोळाकडे सरकत एकमेकांना चिकटतात. दोरीच हवी असेल तर प्रत्येक नगाला चिमटा लावणं भाग आहे.

वास येतो तो पाण्याचा नाही, वेळेचा. कापड ओलं राहतं तेवढा वेळ त्यातले जिवाणू वाढतात. नीट न वाळलेल्या कपड्यांच्या त्या विशिष्ट कुबट वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू असल्याचं जपानी संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं. घाम, त्वचेचं तेल यांसारखा मळ वापरून तो ४-मिथाइल-३-हेक्झेनोइक आम्ल तयार करतो. हा जिवाणू कोरडेपणा आणि अतिनील किरणं, दोन्हींना बराच टिकून राहतो. म्हणूनच टॉवेल एकदा कडक उन्हात वाळवला तरी पुढच्या अंघोळीला ओला होताच वास परत येतो. त्याला उष्णता किंवा ऑक्सिजन ब्लीच लागतं. ६० अंशांच्या पाण्यात धुणं हा पहिला उपाय. दुसरा, ४० ते ६० अंशांच्या ५ लिटर पाण्यात दोन मोठे चमचे सोडियम परकार्बोनेट (हेच ते ऑक्सिजन ब्लीच) पूर्ण विरघळवून त्यात टॉवेल एक-दोन तास भिजवायचा आणि मग नेहमीसारखा धुवायचा. रंगाची आधी कोपऱ्यावर परीक्षा घ्यावी, लोकर आणि रेशीम यांना हे वापरू नये. द्रावण झाकणबंद बाटलीत भरून ठेवू नये, त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते. क्लोरीनचं ब्लीच वापरायचं असेल तर व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल त्याच्या आसपासही येऊ द्यायचं नाही. विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो, आणि लहान बाथरूममध्ये तो पटकन साठतो.

वास येतो म्हणून साबण जास्त घालणं, ही तर आगीत तेल ओतण्याची तऱ्हा. न निघालेला साबण कापडात राहतो, मळ धरतो आणि जिवाणूंची सोय करतो. फॅब्रिक सॉफ्टनरचा थर टॉवेलाची पाणी शोषण्याची ताकद कमी करतो. टॉवेल कडक होतो म्हणून सॉफ्टनर घालायचा मोह होतो, पण कडकपणा बऱ्याच अंशी तंतूंवरचं उरलंसुरलं पाणी आणि कठीण पाण्यातले क्षार तंतूंना एकमेकांशी जोडतात त्यामुळे येतो. वाळत घालण्याआधी टॉवेल दोन्ही टोकांनी धरून आठ-दहा वेळा जोरात झटकावा आणि वाळल्यावर पुन्हा झटकावा. झोपलेले धाग्यांचे फासे उभे राहतात, टॉवेल मऊ लागतो आणि लवकर वाळतोही.

उष्णतेचं आकर्षण मोठं असतं, म्हणून तिच्याबद्दल थोडं. १५० ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण ०.१ युनिट लागतं. ६० वॅटच्या विजेच्या टॉवेल रेलची सगळी उष्णता पाण्याच्याच कामी आली असं मानलं तरी पावणेदोन तास लागतील, प्रत्यक्षात कितीतरी जास्त. रेल टॉवेलाला गरम करते, हवा बदलत नाही. फॅनशिवाय तिचा उपयोग निम्माच. गिझरवर टॉवेल टाकू नये. त्याच्या तारा, पाइप आणि सेफ्टी व्हॉल्व्ह झाकले जातात. टेबलफॅनची झुळूक फार गुणाची आहे, कारण ओल्या कापडाला चिकटून बसलेला स्थिर, दमट हवेचा थर ती हलवते. पण तो पंखा बाथरूमच्या बाहेर, कोरड्या जमिनीवर ठेवून उघड्या दारातून आत वारा सोडायचा. ओल्या फरशीवर एक्स्टेंशन बोर्ड नेऊन ठेवणं हा जिवाशी खेळ आहे.

बाहेर पाऊस असताना खिडकी उघडावी का? हवा थंड असेल तर उघडावी. १० अंशांची पूर्ण दमट हवासुद्धा घनमीटरमागे ९ ग्रॅमच वाफ घेऊन येते, आणि घरात येऊन २२ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ५० टक्क्यांखाली जाते. बाहेर २५ अंश आणि ९० टक्के असेल तर मात्र ती हवा आणून फारसं हाती लागत नाही. पण तीच हवा ३० अंशांपर्यंत तापवली तर ९० चे ६८ टक्के होतात. म्हणून अशा दिवसांत टॉवेल बाथरूममधून काढून फ्रिजच्या मागच्या-बाजूच्या किंवा घरातल्या कुठल्याही उबदार, वारा खेळत्या कोपऱ्यात न्यावा. दमट हवेत सूत पूर्ण कोरडं होतच नाही, हेही खरं. ६५ टक्के आर्द्रतेतल्या 'कोरड्या' सुतात वजनाच्या सात-आठ टक्के पाणी असतं, ९० टक्क्यांत त्याहून बरंच जास्त. त्यापुढे फॅन लावून काही साधत नाही.

टॉवेल कोणता घ्यावा, हे खरं तर आधीच ठरवायला हवं. ७० बाय १४० चा ६०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरमागे ६०० ग्रॅम वजनाचा) टॉवेल कोरडा असतानाच ५८८ ग्रॅमचा. ६० बाय १२० चा ३५० जीएसएमचा २५२ ग्रॅमचा. माणूस दोन्हींनी सारखाच कोरडा होतो. खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये जाड, गुबगुबीत टॉवेल ही चैन नाही, शिक्षा आहे. पातळ सुती पंचा किंवा खळग्यांच्या विणीचा वॅफल टॉवेल घ्यावा, दोन ठेवून एक दिवसाआड वापरावेत, म्हणजे प्रत्येकाला ४८ तास मिळतात. काठाला रुंद, जाड पट्टी असलेले टॉवेल दिसायला छान, पण ती पट्टी बाकीच्या टॉवेलानंतर कितीतरी वेळाने वाळते.

वाळला की नाही, हे तिथेच बघायचं. मध्यावर हात लावून कळत नाही. काठाची शिवण, लेबलची जागा आणि दांडीवरची घडी या तीन ठिकाणी गाल किंवा मनगटाची आतली बाजू लावावी. पाणी उडत असेपर्यंत कापड हवेपेक्षा गार राहतं: २५ अंश आणि ५० टक्क्यांच्या हवेत चिंब कापड १८ अंशांपर्यंत उतरतं. गारवा लागला तर अजून ओल आहे. त्यापेक्षा पक्कं उत्तर हवं असेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्यावा. चांगल्या वाळलेल्या टॉवेलाचं वजन एकदा लिहून ठेवावं. २५२ ग्रॅमचा टॉवेल २७५ भरला तर अजून २३ ग्रॅम पाणी जायचं आहे, आणि तोपर्यंत त्याची घडी कपाटात ठेवायची नाही.